गाडीच्या आतलं प्लास्टिक रंगवायचंय? मग फोटो पाठवून रंग बनवू नका

गाडीच्या आतला एखादा प्लास्टिकचा भाग तुटतो. त्याच रंगाचा मिळत नाही, दुसऱ्या रंगाचा भंगारात स्वस्तात मिळतो. मग डोक्यात सोपा हिशेब येतो: मोबाइलवर जुन्या भागाचा फोटो काढायचा, रंगाच्या दुकानाला व्हॉट्सअ‍ॅप करायचा, तोच रंग बनवून घ्यायचा आणि मारून टाकायचा. दिसायला सरळ आहे. पण या साखळीतली पहिली कडीच कच्ची आहे. फोटोतला रंग हा वस्तूचा रंग नसतो. तो का नसतो, आणि तरीही आपला फोन या कामात कुठे उपयोगी पडतो, हे आज नीट समजून घेऊ. ऑफिसात मी फोटोंवर प्रक्रिया करणारा कोड लिहितो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या आत काय चालतं ते रोज बघतो. रंगकामाचं बाकीचं ज्ञान मात्र वलगावात मिळालं.

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की पेढी नदीजवळ आमचं वलगाव लागतं. तिथे माझ्या आतेभावाची डिझायर आहे, २०१२ नंतरच्या पिढीतली, आतून बेज आणि काळी. दादा ती भाड्याने चालवतो. लग्नाची, दवाखान्याची, परतवाड्याची भाडी. गेल्या हंगामात फवारणीचा पंप गाडीत टाकताना त्याचा कोपरा लागून डाव्या पुढच्या दाराचं पॅड चिरलं. नवीन पॅड महाग होतं. भंगारवाल्याकडे त्याच पिढीतल्या स्विफ्टचं पॅड होतं, चौथ्या हिश्शाच्या भावात. क्लिपांची भोकं जुळली, पण ते पूर्ण काळं. दादाने बेज भागाचा फोटो काढून शहरातल्या एका दुकानाला पाठवला आणि रंग बनवून आणला. मारून झाल्यावर दिवसा बरा दिसला. रात्री आतला दिवा लावला तर एक दार हिरवट. "हा रंग तं हिरवा दिसून रायला बे," दादाचा फोन आला. "तू कॅम्प्युटरवाला आहेस नं, सांग आता काऊन असं होते."

भाड्याच्या गाडीत हे नुसतं शोभेचं प्रकरण नाही. आतून चट्ट्यापट्ट्याची गाडी दिसली की गिऱ्हाईक समजतं, हिचा अ‍ॅक्सिडेंट झालाय. उद्या विकायला काढली तर घेणारा त्यावरच भाव पाडतो.

कॅमेरा रंग मोजत नाही, अंदाज बांधतो

मोबाइलच्या सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. त्याला फक्त प्रकाश किती पडला ते कळतं. म्हणून प्रत्येक बारीक चौकटीवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर बसवलेला असतो. चार चौकटींत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६ चं. आजही बहुतेक फोनमध्ये हीच किंवा हिचीच सुधारलेली आवृत्ती असते. म्हणजे प्रत्येक चौकटीला तीनपैकी एकच आकडा खरा मिळतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात.

इथवर ठीक आहे. खरी गंमत पुढे. कॅमेऱ्याला माहीत नसतं की समोरची वस्तू पिवळसर आहे की तिच्यावर पडलेला प्रकाश पिवळसर आहे. हे दोन्ही सेन्सरला सारखंच दिसतं. मग तो अंदाज करतो. याला ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. सगळ्यात जुना अंदाज असा की कुठल्याही फोटोतल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी येते. राखाडी नाही आली, तर दोष प्रकाशाचा समजायचा आणि तो काढून टाकायचा. आताचे फोन यापेक्षा हुशार आहेत, पण मूळ अडचण तीच आहे.

आता दादाने काय केलं ते बघा. पॅडच्या अगदी जवळ जाऊन, पूर्ण फ्रेम बेज रंगाने भरून फोटो काढला, म्हणजे "रंग नीट दिसेल". कॅमेऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट परिस्थिती. फ्रेममध्ये दुसरं काहीच नाही. सगळंच पिवळसर दिसतंय, म्हणजे प्रकाशच पिवळा असणार, असं धरून तो पिवळेपणा ओढून काढतो. वरून ऑटो एक्स्पोजर: पूर्ण फ्रेम फिकट असली तर तो तिला मध्यम उजेडाकडे खाली ओढतो, पूर्ण काळी असली तर वर. म्हणून काळ्या कपड्याचा जवळून काढलेला फोटो राखाडी येतो. कपडे ऑनलाइन विकणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे.

हा फरक किती मोठा? रंगातला फरक मोजायला डेल्टा ई नावाचं माप वापरतात. १९७६ मध्ये प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ठरवलेल्या एल, ए, बी या तीन आकड्यांवर ते काढतात. एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरवट की लालसर, बी म्हणजे निळसर की पिवळसर. दोन तुकडे एकमेकांना चिकटून ठेवले तर डेल्टा ई १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळतो. ४-५ झाला की कोणालाही कळतो. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यात उजेड कमीजास्त करायची जी पट्टी असते, तिचं एक घर साधारण एक तृतीयांश स्टॉपचं धरा. मधल्या राखाडी रंगावर हिशेब केला तर तेवढ्या एका घराने डेल्टा ई पाचच्या आसपास जातो. म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःहून पट्टी एक घर इकडची तिकडे केली, जे तो प्रत्येक फोटोत करतो, की रंगाच्या दृष्टीने तो वेगळाच रंग झाला.

त्यावर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, आणि दाबताना रंगाची माहिती उजेडापेक्षा जास्त फेकून देतं, कारण डोळ्याला ते सहसा कळत नाही. तिकडे दुकानदाराच्या फोनवर डोळ्यांच्या आरामासाठी पिवळा मोड चालू असेल तर संपलंच. अशा वेळी दुकानदार दोषी म्हणता येत नाही. त्याच्यासमोर जो रंग होता, तो त्याने बनवला.

दिवसा जुळला, रात्री का नाही?

दादाच्या बाबतीत दुकानदाराने फोटो बघून नंतर शेड कार्डावरून अंदाजाने बराच जवळचा रंग काढला होता. दिवसा तो जुळतही होता. तरी रात्री फसला. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि नाव अवघड असलं तरी अनुभव तुमचाही आहे. साडीच्या दुकानात ब्लाउजपीस जुळवताना आई कापड घेऊन दुकानाबाहेर उन्हात का येते? तेच हे.

वस्तूचा रंग म्हणजे खरं तर एक लांबलचक यादी: कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश ती परत पाठवते. आपला डोळा ती सगळी यादी तीन आकड्यांत गुंडाळतो, कारण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. दोन वेगळ्या याद्या गुंडाळल्यावर तेच तीन आकडे येऊ शकतात. प्रोग्रामिंग येणाऱ्यांनी हॅश कोलिजन समजावं. आणि प्रकाश बदलला की यादीतल्या प्रत्येक आकड्याला वेगळा गुणक लागतो, मग कोलिजन सुटतं आणि दोन रंग वेगळे दिसतात.

बेज रंगात हे जास्त का होतं? कारखान्यात प्लास्टिकचा बेज बहुधा पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड, पिवळा आणि लाल आयर्न ऑक्साइड म्हणजे गेरूच्या कुळातली रंगद्रव्यं, आणि थोडा काळा कार्बन अशा मिश्रणातून बनतो. रंगाच्या दुकानात मात्र हातात असेल तो पिवळा टिंटर आणि काळा टाकूनही बेजच्या जवळ जाता येतं. पण पिवळ्यात काळा मिसळला की छटा हिरवट होते. घरी वॉटरकलरने करून बघा. दिवसाच्या निळसर उजेडात एखादा मिक्स डोळ्याला फसवून जातो, आणि बल्बच्या किंवा पिवळ्या एलईडीच्या उजेडात तोच हिरवा होऊन उघडा पडतो. उपाय छोटा होता: लाल ऑक्साइडचे थेंब वाढवणे आणि काळा कमी करणे. मिक्सिंगवाल्या काकांनी पॅड हातात घेऊन, त्यांच्या भाषेत, "हिरवा मारला".

म्हणून फोटो नाही, भाग घेऊन जा. दाराचं पॅड काढणं जमत नसेल तर त्याच रंगाचं लहानसं काहीतरी काढा. स्पीकरची जाळी, हँडलमागचं झाकण, स्क्रूवरची टोपी. आणि हो, नेण्याआधी ते साबणाने धुवा. दहा वर्षांच्या गाडीत बेज हा अर्धा धुळीचा रंग असतो.

गाडीवर रंगाचा कोड असतोच की, असं कोणी म्हणेल. असतो, पण तो बहुधा बाहेरच्या पत्र्याचा. काही कंपन्या आतल्या सजावटीचा वेगळा कोडही देतात, टोयोटाच्या पट्टीवर रंग आणि ट्रिम असे दोन कोड असतात. तरी त्या ट्रिम कोडवरून शेजारच्या दुकानात डबा मिळेल ही आशा नको. आणि मिळाला तरी तो गाडी नवी असतानाचा रंग. तुमच्या गाडीने वऱ्हाडातले उन्हाळे काढलेत, तिचा रंग आता तिचा स्वतःचा आहे.

एक गोष्ट मला हे शिकताना फार आवडली. नव्या गाडीतही सगळे भाग खरं तर एका रंगाचे नसतात. दाराचं पॅड एका प्लास्टिकचं, मधला कन्सोल दुसऱ्या, सीटचं कापड तिसरंच, आणि बनवणारे कारखानेही वेगवेगळे. गाडीची कंपनी प्रत्येक पुरवठादाराला रंगाचा एक नमुना तुकडा देते, आणि प्रत्येकाने आपला भाग त्याच्याशी बंद पेटीत वेगवेगळ्या दिव्यांखाली ताडून बघायचा असतो: एक दिवा दिवसाच्या उजेडासारखा, एक पिवळ्या बल्बसारखा, एक दुकानातल्या ट्यूबसारखा. तेव्हा कुठे ते एकत्र बसल्यावर एकसारखे भासतात. कारखान्याला तीन दिवे लागतात, तर आपण एका फोटोत कसं उरकणार?

फोन मोजायला नको, तुलनेला घ्या

आता फोनची बाजू. एका फोटोतला रंग खरा नसतो, पण एकाच फोटोतल्या दोन शेजारच्या तुकड्यांवर कॅमेरा जी काही गडबड करतो ती जवळपास सारखीच करतो. म्हणजे आकडा खोटा असला तरी दोघांतला फरक बराच विश्वासाचा असतो. हे कळलं की फोन कामाचा होतो.

दुकानातून रंग घेताना आधी थोडासाच बनवून घ्या आणि प्लास्टिकच्या एका तुकड्यावर नमुना मारा. कागदावर नको, कागद रंग पितो. नमुना पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. मग मूळ भाग आणि नमुना एकमेकांना अगदी चिकटवून, एकाच पातळीत ठेवा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, थेट उन्हात नाही, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत. जवळ लाल भिंत किंवा हिरवा पडदा नको, त्यांचा रंग उडून नमुन्यावर बसतो. कॅमेऱ्यात स्क्रीनवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. एचडीआर, ब्युटी, सीन ओळखणारे मोड बंद. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सचा आकडा स्वतः ठरवून तोच ठेवा. मग कुठल्याही कलर पिकर अ‍ॅपने दोन्ही तुकड्यांतल्या लहान चौकोनाची सरासरी बघा. एका ठिपक्यावर बोट ठेवून आकडा घेऊ नका, प्लास्टिकवर दाणेदार नक्षी असते आणि प्रत्येक ठिपका वेगळा येतो.

लाल, हिरवा, निळा या तिन्ही आकड्यांत नमुना मूळ भागापेक्षा किती पुढे-मागे आहे तेवढंच लिहून घ्या. मग तेच घरातल्या ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली करा. तिन्ही उजेडांत फरक साधारण तेवढाच आणि त्याच दिशेने असेल तर मिश्रणात थोडी दुरुस्ती करून भागेल. पण दिवसा नमुना थोडा लाल आणि बल्बखाली थोडा हिरवा, अशी दिशाच पालटत असेल तर रंगद्रव्यंच वेगळी आहेत. मग थेंब वाढवून उपयोग नाही, टिंटर बदलायला सांगा. दादाच्या पहिल्या रंगात हेच दिसलं, आणि दुकानात वाद न घालता तीन फोटो दाखवून काम झालं.

फ्रेममध्ये एक पांढरा संदर्भ ठेवला तर आणखी बरं. झेरॉक्सचा कागद चालेल असं वाटतं, पण त्यात पांढरेपणा वाढवायला अशी रसायनं असतात जी उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतात. त्यापेक्षा नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप घ्या. तिचे दहा-पंधरा थर एकावर एक गुंडाळले की बराच खरा पांढरा मिळतो. रंग मोजायच्या यंत्रांसोबत येणारे महागडे पांढरे नमुनेही बऱ्याचदा टेफ्लॉनच्याच कुळातले असतात.

एक अट मात्र आधी पाळा: चमक. तोच रंग मॅट असला तर फिकट दिसतो, चकचकीत असला तर गडद. कारण मॅट पृष्ठभाग आजूबाजूचा पांढरा उजेड चहूकडे विखुरतो आणि तो रंगात मिसळून डोळ्यात येतो. गाडीच्या आतलं प्लास्टिक जवळपास पूर्ण मॅट असतं, मुद्दामच, नाहीतर डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसेल. म्हणून आधी मॅटपणा ठरवा, मग रंग. उलट केलं तर जुळलेला रंग मॅट लॅकर मारल्यावर पुन्हा बिघडतो.

रंग जुळला, पण चिकटेल का?

फोनचा विषय इथे संपतो, पण काम इथेच सगळ्यात जास्त फसतं.

पॅड उलटं करून मागची बाजू बघा. टोकदार कंसांत इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. प्लास्टिक ओळखून वेगळं करता यावं म्हणून ही खूण टाकतात, तिचा आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक आयएसओ ११४६९. एबीएस लिहिलं असेल तर नशीब चांगलं, त्यावर रंग बरा धरतो. पीपी-टीडी२० असं काही असेल तर ते पॉलिप्रोपिलीन, त्यात २० टक्के टाल्क पावडर. दारांच्या पॅडमध्ये हेच बहुधा सापडतं, आणि हे रंगाला सहजी जवळ करत नाही. पाण्यात तरंगलं तर पॉलिप्रोपिलीन, ही व्हिडिओत सांगतात ती युक्ती इथे चालत नाही. शुद्ध पॉलिप्रोपिलीन तरंगतं, पण टाल्क मिसळलेलं पाण्यापेक्षा जड होऊन बुडतं. खूण वाचा, तीच खरी.

कारण समजायला पाण्याचा थेंब टाकून बघा. काचेवर पसरतो, पॉलिप्रोपिलीनवर गोळी होऊन बसतो. कुठलाही द्रव पसरून धरायला खालच्या पृष्ठभागाची ओढ पुरेशी लागते. पॉलिप्रोपिलीनची ती साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, एबीएसची ४० च्या आसपास. म्हणून पॉलिप्रोपिलीनवर आधी खास प्रायमर लागतो. दुकानात "पीपी प्रायमर" किंवा "प्लास्टिक प्रायमर" मागा आणि तो पीपीसाठी आहे हे डब्यावर वाचा. लोखंडाचा राखाडी प्रायमर इथे बिनकामाचा. तो सुंदर बसतो आणि महिन्याभरात नखाने पापडी निघते.

प्रायमरआधी सफाई. गाडी धुणारे डॅशबोर्डवर चमक आणायला जे पॉलिश मारतात त्यात बहुधा सिलिकॉन तेल असतं. त्याचा अंश राहिला तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि वर कितीही कोट मारले तरी ते भरत नाहीत. भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवा, नक्षीतून ब्रश फिरवा, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग बारीक स्क्रबर पॅडने हलकं घासा. पॉलिश पेपर लावू नका, नक्षी सपाट होते आणि ती परत येत नाही.

रंग पातळ कोटांत, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, दोन कोटांमध्ये दहा मिनिटं थांबून. जाड कोट मारला की दाणेदार नक्षी बुजते आणि भाग खेळण्यातल्या प्लास्टिकसारखा दिसतो. रंग जुळूनही "काहीतरी वेगळं" वाटतं ते यामुळे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नका. त्या गरम हवेत थेंब पॅडवर पोचायच्या आधीच वाळतो आणि पृष्ठभाग काचपेपरासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात दमटपणाने लॅकर पांढरट पडतो. दिवाळी ते संक्रांत, सकाळची वेळ, हा आमचा मुहूर्त.

उन्हाची दुसरी बाजूही आहे. अ‍ॅरिझोनातल्या विद्यापीठाने २०१८ मध्ये उन्हात उभ्या गाड्या मोजल्या, तेव्हा एका तासात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला होता. अमरावतीचा मे त्या वाळवंटाहून फार सौम्य नाही. इतक्या उष्णतेत साधा स्प्रे कॅनमधला अ‍ॅक्रिलिक मऊ पडून चिकट होऊ शकतो. शिवाय प्लास्टिक फुगतं: एक मीटर लांबीचा पॉलिप्रोपिलीनचा भाग ५० अंशांच्या फरकाने साधारण ४ मिलिमीटर वाढतो, लोखंड अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडंच जास्त. म्हणून लवचीकपणा असलेला रंग घ्या. हार्डनर मिसळायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग टिकायला उत्तम, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि रुमाल किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही. ते काम हवेची वेगळी सोय असलेल्या पेंट बूथमध्येच. दाराआड, पंखा लावून, हे घरी करायचं काम नाही.

चिकटलं का हे पॅडवर नाही, नमुन्याच्या तुकड्यावर तपासा. आठवडाभर वाळल्यावर ब्लेडने सहा आडव्या, सहा उभ्या रेघा मारा, पंचवीस चौकोन होतील. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. प्रयोगशाळेतही चाचणी अशीच होते. एकही चौकोन निघाला नाही तर पॅडला हात लावा. चार-पाच निघाले तर प्रायमर चुकलाय किंवा सफाई.

काय रंगवू नये

एअरबॅगची झाकणं. याला अपवाद नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, शेजारच्या सीटचीही नंतर झाली, त्यामुळे तुमच्या गाडीत ती असण्याची शक्यता बरीच आहे. ही झाकणं ठरलेल्या रेषेवर फाटावीत म्हणून आतून पातळ केलेली असतात, आणि रेषा बहुतेकदा बाहेरून दिसतही नाही. वर रंगाचे थर चढले की ती फाटण्याची पद्धत बदलते आणि रंगाचे कपचे तोंडावर येऊ शकतात. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डचा डावा भाग, आणि काही गाड्यांत काचेच्या बाजूच्या खांबावरचं आवरण. जिथे एअरबॅग असं लिहिलंय, तिथून लांब.

स्टिअरिंगची कडा, गिअरचा गोळा, दाराचं हँडल हेही सोडा. घाम आणि बोटांची घासण यांपुढे घरगुती रंग टिकत नाही.

आणि जमलं तर उलटा सौदा करा. काळ्यावर बेज चढवणं हे फिकट रंगावर काळा चढवण्यापेक्षा फार अवघड. कोट जास्त लागतात, आणि पुढे एक ओरखडा आला की आतून काळं डोकावतं. दादाला बेज पॅड कुठेच मिळालं नाही म्हणून हा घाट घातला. तुमच्या गाडीचं आतलं काळं असेल तर कुठल्याही रंगाचं भंगार चालेल.

आरटीओचं काय, हे खूप जण विचारतात. आरसीवर गाडीच्या बाहेरच्या बॉडीचा रंग नोंदवलेला असतो, तो बदलला तर नोंद बदलावी लागते. आतल्या पॅडचा रंग आरसीवर नसतो.

दुसऱ्या वेळचा रंग दादाने डिसेंबरात मारला, तिन्ही उजेडांत बघून. मिक्सिंगवाल्या काकांकडून त्याने टिंटरांचं प्रमाण लिहून घेतलं आणि उरलेला रंग काचेच्या लहान बाटलीत गच्च भरून ठेवला, वर तारीख टाकून. बाटली काठोकाठ भरायची, हवा राहिली की साय धरते. मारायच्या आधी पाच मिनिटं हलवायची, कारण पांढरं टायटॅनियम तळाशी बसतं आणि न हलवता वरचा रंग घेतला तर तो पुन्हा वेगळाच निघतो.